लॅब उभारणाऱ्या वडिलांवर लिहायचं आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न असा आला आहे: "आमचे बाबा नुकतेच ९१व्या वर्षी गेले. ते पॅथॉलॉजिस्ट होते. १९६०च्या दशकात त्यांनी स्वतःची लॅब काढली आणि ऐंशी उलटेपर्यंत रोज तिथे जात राहिले. आई आहे, आम्ही तीन भावंडं, नातवंडं. घरच्यांसाठी आणि लॅबमधल्या लोकांसाठी त्यांच्यावर एक मोठा लेख लिहायचा आहे, पण आमच्यापैकी कुणीच वैद्यकीय क्षेत्रात नाही. मसुदा केला तर शिक्षण, स्थापना, शाखा, सत्कार अशी जंत्री झाली आणि शेवटी 'ते कुटुंबवत्सलही होते' असा एक परिच्छेद आला. त्यात बाबा कुठेच दिसत नाहीत. काय करावं?"

मी स्वतः पॅथॉलॉजिस्ट आहे, आयुष्य लॅबमध्ये गेलं, आणि आमच्या व्यवसायातल्या ज्येष्ठांवर लिहिण्याचं काम माझ्याकडे अनेकदा आलं आहे. त्या अनुभवावरून सांगते.

जंत्री होण्याचं कारण तुमच्या लेखणीत नाही, या व्यवसायात आहे. सर्जनचा पेशंट जन्मभर सांगतो की त्यांनी मला वाचवलं. आमच्याकडे पेशंट येतो, हात पुढे करतो, संध्याकाळी कागद घेऊन जातो. त्या कागदावर खाली कुणाची सही आहे हे तो बघतही नाही. त्यामुळे लॅबच्या संस्थापकाचं काम सांगणारे साक्षीदार पेशंटांमध्ये सापडत नाहीत. ते सापडतात शेजारच्या स्टुलावर बसलेल्या टेक्निशियनमध्ये, सॅम्पल गोळा करत फिरणाऱ्या माणसात आणि ज्यांना रात्री फोन जायचा त्या डॉक्टरांमध्ये. त्यांच्याकडे गेल्यावर "सर कसे होते?" असं विचारू नका. उत्तर येईल, "देवमाणूस होते", आणि बोलणं तिथेच संपेल. विचारा, "बाबांनी अडवून ठेवलेला एखादा रिपोर्ट आठवतो का?"

हा प्रश्न मी मुद्दाम सुचवते आहे. लॅबवाल्याची खरी कसोटी त्याने न दिलेल्या रिपोर्टमध्ये असते. मी शिकत होते तेव्हाचं एक उदाहरण सांगते, म्हणजे लक्षात येईल. पेशी मोजणाऱ्या मशीनने एका पेशंटच्या प्लेटलेट २२,००० दाखवल्या. दीड लाखाच्या वर असायला हव्यात. एवढ्या खाली गेल्या म्हणजे रक्तस्रावाची भीती, धावपळ, कदाचित दुसऱ्याचं रक्त चढवणं. आमच्या सरांनी मशीनचा कागद बाजूला ठेवला आणि स्लाईड मागितली. लेन्स थेट स्लाईडच्या शेपटाकडे नेली, जिथे रक्ताचा थर पातळ होत संपतो. तिथे प्लेटलेटचे पुंजकेच्या पुंजके पडले होते. रक्त गोठू नये म्हणून बाटलीत ईडीटीए नावाचं रसायन असतं; काही जणांच्या रक्तात त्या बाटलीत प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. मशीन पुंजक्याला प्लेटलेट म्हणून मोजत नाही, म्हणून आकडा खोटा कमी येतो. सरांनी पेशंटला परत बोलावलं, सायट्रेट या दुसऱ्या रसायनाच्या बाटलीत रक्त घेतलं, आणि आकडा नॉर्मल आला. पेशंटला इतकंच कळलं की दुसऱ्यांदा सुई टोचली. तो थोडा चिडलाही होता.

तुमच्या बाबांच्या इतक्या वर्षांत असे प्रसंग नक्की घडले असतील, आणि त्यातले बहुतेक कुठेही लिहिलेले नसतील. पोटॅशियम अफाट जास्त आणि कॅल्शियम अगदी तळाला असा रिपोर्ट दिसला की अनुभवी माणूस आधी विचारतो, "जांभळ्या झाकणाच्या बाटलीतलं रक्त कुणी दुसऱ्या बाटलीत ओतलं का?" कारण त्या बाटलीतलं ईडीटीए पोटॅशियमचा क्षार असतं आणि ते कॅल्शियम बांधून टाकतं. असा पेशंट खरोखर असता तर तो चालत आला नसता. हे ओळखायला ज्ञान लागतं, पण "आज रिपोर्ट जाणार नाही" असं समोरच्या घाईतल्या डॉक्टरला सांगायला वेगळा कणा लागतो. बाबांनी ते कुणाला सांगितलं, कोणत्या शब्दांत, नंतर काय झालं, हे टेक्निशियनकडून काढा. तुमच्या लेखाचा गाभा तिथे आहे.

आता त्यांच्या हातांनी काय काम केलं ते थोडक्यात सांगते, म्हणजे विचारताना तुमच्याकडे शब्द असतील. १९६०च्या दशकात छोटी लॅब काढणं म्हणजे एक मायक्रोस्कोप, एक कलरीमीटर (रंग किती गडद ते मोजणारं यंत्र), सेंट्रिफ्यूज (रक्त गरगर फिरवून पेशी खाली बसवणारं यंत्र), वॉटर बाथ (कोमट पाण्याचं भांडं) आणि पुष्कळ काच. हिमोग्लोबिन बहुतेक ठिकाणी साहलीच्या नळीत व्हायचं: थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात २० मायक्रोलिटर रक्त, दहा मिनिटं थांबायचं, मग थेंब थेंब पाणी घालत रंग शेजारच्या तपकिरी काचेशी जुळेपर्यंत न्यायचा. तो रंग जुळला की नाही हे डोळा ठरवायचा, त्यामुळे दोन माणसांचे आकडे सहज वेगळे यायचे. पांढऱ्या पेशी न्यूबाउअर चेंबरमध्ये, म्हणजे चौकोन आखलेल्या काचेच्या पट्टीवर, मायक्रोस्कोपखाली मोजायच्या. चार कोपऱ्यांतले चौकोन मोजून बेरजेला ५० ने गुणायचं. दिवसभरात असे कितीतरी चेंबर. ब्लड शुगर फोलिन-वू पद्धतीने. आधी रक्तातली प्रथिनं काढून टाकायची, गाळायचं, उकळायचं, मग निळा रंग मोजायचा. ती पद्धत साखरेबरोबर रक्तातले इतर काही पदार्थही मोजायची, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा थोडा वर असायचा, आणि जुन्या डॉक्टरांना हे पाठ होतं.

गर्भधारणेची तपासणी कित्येक लॅबमध्ये बेडकावर होत असे. नर भेकाला लघवीचं इंजेक्शन द्यायचं आणि काही तासांनी त्याच्या मूत्रात शुक्राणू दिसतात का ते मायक्रोस्कोपखाली बघायचं. गाली मायनिनी यांनी १९४७ मध्ये ही पद्धत मांडली होती. पुढे १९६० नंतर प्रतिपिंडांवर आधारलेल्या तपासण्या आल्या आणि बेडूक गेले. तुमच्या आईंना विचारा, लॅबमध्ये बेडूक होते का. असतील तर त्यांचं करायचं कोण, हेही विचारा. उत्तर ऐकून तुम्हाला नवल वाटेल, कारण अनेक संस्थापकांच्या घरी ते काम घरच्यांकडेच असायचं.

आणि पिपेट. काचेची नळी तोंडात धरून रक्त, सीरम, आम्ल ओढायचं. मार्बुर्गमध्ये हाइनरिश श्निट्गर यांनी १९५७ मध्ये दट्ट्याची पिपेट बनवली, तरी ती सगळीकडे पोहोचायला खूप वर्षं लागली. तोवर आमच्या आधीच्या पिढीने रोज तोंडाने पिपेट केलं. हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, होणं हा या लोकांच्या व्यवसायाचा भाग होता. ब्लमबर्ग यांना ज्याबद्दल १९७६ चं नोबेल मिळालं तो ऑस्ट्रेलिया अँटिजेन, म्हणजे या विषाणूची रक्तातली खूण, १९६०च्या दशकात सापडला, आणि लस १९८१ मध्ये मान्य झाली. मधल्या काळात काम करणाऱ्यांना संरक्षण म्हणून हात धुणं आणि काळजी एवढंच होतं. बाबा किंवा त्यांचे सहकारी कधी काविळीने बरेच दिवस घरी होते का? असतील तर ते साधं आजारपण नव्हे, ती कामाची किंमत होती. लेखात तसं स्पष्ट लिहा.

मग मशीनं आली. रक्तातल्या रासायनिक तपासण्या आपोआप करणारा स्केग्स यांचा ऑटोअ‍ॅनलायझर १९५७ मध्ये बाजारात आला, कूल्टर यांचं पेशी मोजण्याचं पेटंट १९५३ चं. पण शोध लागणं आणि एखाद्या छोट्या लॅबच्या टेबलावर ते यंत्र येणं यात कधीकधी पंचवीस-तीस वर्षांचं अंतर असतं. म्हणून लेखात "१९५७ मध्ये ऑटोअ‍ॅनलायझर आला" असं लिहून उपयोग नाही. आपल्या लॅबमध्ये पहिलं मशीन कधी आलं, त्याचं कर्ज कुणी घेतलं, तारण काय ठेवलं, आणि त्या रात्री घरात काय बोलणं झालं, हे शोधा. संस्थापकाच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा जुगार असतो. हाताने मोजणारे टेक्निशियन घाबरलेले असतात, नोकरी जाईल का या भीतीने. चांगला संस्थापक त्यांनाच मशीन शिकायला पाठवतो. तुमच्या बाबांनी काय केलं?

१९८५ हे वर्ष वेगळं काढून विचारा. त्या वर्षी एचआयव्हीच्या प्रतिपिंडांची तपासणी प्रथम मान्य झाली आणि पुढच्या काही वर्षांत ती लॅबोलॅबी पोहोचली. तोवर बिनहातमोज्यांनी रक्त घेणारी माणसं एकदम विचारात पडली. कुणी सॅम्पल घ्यायला नकार दिला, कुणी नोकरी सोडली. पॉझिटिव्ह रिपोर्ट पेशंटला कोण सांगणार, कुठे बसून सांगणार, दुसऱ्या पद्धतीने खात्री केल्याशिवाय द्यायचा का, हे सगळं लॅबच्या मालकाला ठरवावं लागलं, आणि आधीचा कोणताही कित्ता समोर नव्हता. माणूस कसा होता ते अशा वेळी दिसतं. त्या काळातला एक जरी सहकारी भेटला तरी त्याच्याशी निवांत बसा.

आता एक गोष्ट, जी घरच्यांना सुचत नाही आणि मला सर्वांत मोलाची वाटते. लॅबच्या कपाटात जुने कंट्रोल चार्ट असतील तर ते टाकू नका. आलेखाचा कागद असतो, मधे एक आडवी रेघ, वर-खाली दोन-तीन समांतर रेघा आणि रोजचा एक ठिपका. लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये ही पद्धत लॅबमध्ये आणली. रोज पेशंटांच्या सॅम्पलबरोबर उत्तर माहीत असलेलं एक सॅम्पल तपासायचं आणि आपलं उत्तर किती हललं ते मांडायचं. त्याच्या तीनच वर्षं आधी बेल्क आणि संडरमन यांनी सारखीच द्रावणं अनेक हॉस्पिटलांच्या लॅबना पाठवली होती, आणि परत आलेल्या उत्तरांतली तफावत पाहून सगळा व्यवसाय हादरला होता. म्हणजे रोजचा ठिपका हा स्वतःवर संशय घेण्याचा शिस्तबद्ध मार्ग आहे. कुठलाही कायदा मागत नव्हता तेव्हा, कुणी तपासायला येणार नव्हतं तेव्हा, जर बाबा चार्ट ठेवत असतील तर तुमच्या हातात त्यांची रोजनिशीच आहे. ठिपका रेषेबाहेर गेला त्या दिवशी शेजारी पेन्सिलीने काय लिहिलंय ते वाचा. "नवीन रिअ‍ॅजंट", "वॉटर बाथचं तापमान", "सगळे पुन्हा केले". त्या "सगळे पुन्हा केले" मागे एक अख्खी रात्र असते आणि घरी वाट पाहणारं कुणीतरी.

इथून घराकडे वळणं सोपं होतं. तुमच्या मसुद्यात कुटुंब शेवटच्या परिच्छेदात गेलं, कारण तुम्ही काम आणि घर असे दोन कप्पे केले. संस्थापकाच्या आयुष्यात ते कप्पे नसतात. बहुतेक छोट्या लॅब घराच्या एका खोलीत किंवा घराला लागून सुरू झाल्या. काचेची भांडी कुणी धुतली, रिपोर्ट कुणी टाईप केले, वसुलीची वही कुणी ठेवली, रात्री दार वाजल्यावर आधी कोण उठलं? मी ज्यांच्यावर लिहिलं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत उत्तर एकच होतं: त्यांची बायको. पाटीवर एक नाव असलं तरी लॅब दोघांनी काढलेली होती. तुमच्या आईंच्या बाबतीत तसं असेल तर ते पहिल्या पानावर येऊ द्या, आणि 'खंबीर साथ दिली' या वाक्यात ते आटपू नका. त्या काय करत होत्या ते कामासकट लिहा. त्यांच्याशी बोलताना सगळी भावंडं एकदम बसू नका. एकाने बसावं, हातात एखादी वस्तू द्यावी, जुनी काचेची सिरिंज किंवा साहलीची नळी, आणि मग गप्प राहावं. सुया कशा उकळायच्या, बोथट झाल्या की दगडावर धार कशी लावायची, हे त्यांना हातांनी आठवेल, आणि त्या ओघात बाकीचंही येईल.

तुम्हा भावंडांच्या आठवणींत वडील घरी नव्हते अशा आठवणीही असतील. शाळेच्या कार्यक्रमाला आले नाहीत, जेवताना उठून गेले, सुट्टी अर्धवट सोडली. त्या गाळू नका. पण त्या दिवशी लॅबमध्ये काय होतं ते रजिस्टरमध्ये सापडतं का बघा. एका सहकाऱ्यावर लिहिताना त्यांच्या मुलीने सांगितलेला एक वाढदिवस आणि लॅबच्या वहीतली मेंदूज्वराच्या पेशंटच्या पाठीतल्या पाण्याची तपासणी, या दोन्ही एकाच तारखेच्या निघाल्या. ते पाणी थांबवून ठेवता येत नाही, त्यातल्या पेशी तासाभरात मोडायला लागतात, तपासणी लगेचच करावी लागते. मुलगी ते वाचून बराच वेळ बोलली नाही. तिची तक्रार खोटी ठरली असं मी म्हणणार नाही. लहानपणी वाटलेलं दुःख तारखेने पुसलं जात नाही. लेखात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलं, आणि तो भाग सगळ्यांत जास्त वाचला गेला.

उलट बाजूही बघा. लॅबची सवय घरात कशी दिसायची? बाटलीवर तारीख लिहिल्याशिवाय ती फ्रीजमध्ये जायची नाही, कुणी एखादी गोष्ट ठामपणे सांगितली की "पुन्हा बघितलंस का?" असा प्रश्न यायचा, ताप आलेल्या मुलाचं तापमान आकड्याने विचारलं जायचं. नातवंडांना मायक्रोस्कोपखाली कांद्याची साल किंवा डबक्यातलं पाणी दाखवलं असेल. अशा दोन-तीन नेमक्या गोष्टी आल्या की कुटुंबवत्सल हे विशेषण लिहायची गरजच उरत नाही.

शेवटची वर्षं टाळू नका. बहुतेक लेख निवृत्तीच्या सत्कारापाशी थांबतात आणि मग एकदम निधनाची तारीख येते. ऐंशी उलटेपर्यंत जाणाऱ्या माणसाने रिपोर्टवर सही करणं कधी थांबवलं, आणि ते ठरवलं कुणी? आमच्याकडे सही म्हणजे जबाबदारी. डोळा थकला, त्यातलं भिंग पिवळसर झालं की स्लाईडवरच्या निळ्या-जांभळ्या रंगांतल्या छटा ओळखणं अवघड होतं. हे स्वतः ओळखून "यापुढे माझ्या स्लाईडवर दुसऱ्याची नजर हवी" असं म्हणणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला विलक्षण आदर आहे. तसंच, बाबा स्वतः पेशंट झाले तेव्हा स्वतःचे रिपोर्ट कसे वाचायचे? मूत्रपिंडं थकली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन चढत चाललेलं त्यांना तुमच्या आधी कळलं असणार. कुणाला सांगितलं, कुणाला नाही, हे घरातच माहीत असतं.

काही व्यावहारिक गोष्टी. रजिस्टरमधलं काहीही छापताना पेशंटचं नाव, गाव, वय, आजार यांतून ओळख पटेल असं काही येऊ देऊ नका, पेशंट कधीच गेला असला तरी. पानाचा फोटो टाकायचा असेल तर नावांचा रकाना पूर्ण झाका. "भागातली पहिली लॅब", "पहिलं मशीन" असे दावे कागद हातात असेल तरच करा. समव्यावसायिक वाचणार आहेत, आणि एक चुकीचा 'पहिला' बाकीच्या लेखावरचा विश्वास घालवतो. आणि "त्यांच्या हातून कधी चूक झाली नाही" असं लिहू नका. लॅबमध्ये चूक न होणं शक्यच नाही. चूक सापडल्यावर त्यांनी दिलेला रिपोर्ट परत मागवला का, डॉक्टरांना स्वतः फोन केला का, टेक्निशियनला सगळ्यांसमोर ओरडले की दार लावून समजावलं, हे लिहा.

एक सूचना मात्र लेखाआधी पाळा. आठवणी शोधायला जुन्या लॅबची किंवा घरातल्या माळ्याची कपाटं उघडाल, तेव्हा रसायनांच्या बाटल्यांना हात लावू नका. क्रिएटिनिनसाठी आणि लघवीतल्या प्रथिनांसाठी पिक्रिक अ‍ॅसिड लागायचं. ते पाण्याखाली ओलं ठेवलं तर ठीक, पण वर्षानुवर्षं पडून सुकलं की स्फोटक होतं, आणि झाकणाच्या आट्यांत अडकलेले पिवळे खडे झाकण फिरवतानाच्या घर्षणानेही फुटू शकतात. पिवळ्या खड्यांची बाटली दिसली तर ती हलवू नका, उघडू नका, खोलीतून बाहेर या आणि घातक रसायनांची विल्हेवाट लावणाऱ्या अधिकृत यंत्रणेला बोलवा. हिमोग्लोबिन मोजायच्या ड्रॅबकिन द्रावणात सायनाइड असतं, जुन्या उपकरणांत पारा असतो. स्लाईड, चार्ट, वह्या काढायच्या असतील तर लॅबमधल्या जाणत्या टेक्निशियनला सोबत घ्या.

मसुदा झाला की आधी त्याच टेक्निशियनना वाचायला द्या, मग आईंना. तांत्रिक चुका ते पकडतील, माणसातल्या चुका त्या पकडतील. दोघांनीही "हे असं नव्हतं" म्हटलेली जागा परत लिहा. शाखा, पदं आणि सत्कारांची यादी तुमच्याकडे तयार आहेच, ती लेखाच्या मागे एका पानात वेगळी छापा.